दाखल क्रमांक ११४८२

चरईतल्या आमच्या वाचनालयात
ह्या कादंबरीच्या दोन प्रती होत्या. एक हरवली.
दुसरीचा कणा सुटलाय, तरी कपाटात टिकत नाही.
लेखकाचं नाव कुणी घेत नाही,
"ती कोर्टाची आहे का आत?" एवढंच विचारतात,
डॉक्टर आत आहेत का विचारावं, तसं.

निवृत्त बेलिफ गुप्ते कोर्टनाक्यावरून चालत येतात,
पुस्तक टेबलावर ठेवतात समन्स बजावल्यासारखं.
"पान अठ्ठ्याऐंशी. वकील मूठ आपटतो म्हणे.
एकतीस वर्षांत मूठ आपटलेली पाहिली एकदाच,
तीही पंखा लागेना म्हणून, बटणावर.
आणि साक्षीदार असा रडत नाही हो.
साक्षीदार पाणी मागतो
आणि घड्याळाकडे बघतो."
सगळं खोटं आहे, म्हणाले.
मग जिन्याच्या दोन पायऱ्या उतरून परत आले:
ह्याचंच दुसरं आलं तर माझ्यासाठी बाजूला ठेवा.

सिव्हिलच्या सिस्टर डिमेलो बोलत नाहीत.
समासात पेन्सिलीने लिहितात, डोसाच्या अक्षरात:
हे विष इतक्या लवकर चढत नाही.
पुढे, एकशे नव्वदवर:
मेलेला माणूस असा शांत दिसत नाही, आम्ही त्याला तसा करतो.
आणि मलपृष्ठाच्या आत, तारखेसकट:
रात्रपाळीत डुलकी लागली नाही. आभार.

ओकबाईंनी लाल शाईने
ऱ्हस्वदीर्घाच्या दोनशे बारा चुका काढल्या.
शेवटच्या पानाखाली शेरा आहे:
शुद्धलेखन – नापास. उत्कंठा –
पुढे कोरं.
शाई संपली असेल.

राबोडीची नीलोफर मुकादम, लॉच्या दुसऱ्या वर्षाला,
तिचा प्रश्न पान एकशे चाळीसला आहे:
ज्युनिअर बाईला सबंध पुस्तकभर फायलीच उचलायच्यात का?
खाली कुणाचं तरी तिरकं अक्षर: मग तुम्ही लिहा.
त्याच्या खाली पुन्हा तिचं,
पेन्सिल दाबून, कागद उमटेपर्यंत:
लिहीन.
(वाचनालयाच्या पुस्तकांवर लिहू नये,
ही पाटी माझ्याच अक्षरातली आहे.
खोडरबर माझ्या खणात आहे.
तो अजून काढलेला नाही.)

माझं मत कुणी विचारत नाही, तरी सांगते.
चाळिसाव्या पानावर मी भाच्याला खुनी ठरवलं,
एकशे बाराव्यावर त्याचाच खून झाला.
पुढचं वाचायचं राहिलंय,
नंबर लावलेले सात जण आहेत
आणि मी पगारी माणूस.

चेंदणी कोळीवाड्याचे वैती
हे पुस्तक आता पाचव्यांदा नेतात.
जाळी वाळवायच्या जागेचा दावा त्यांच्या वडलांनी लावलेला.
ते फक्त तीनशे एकपासून वाचतात,
निकालाच्या दिवसापासून.
पहिली तीनशे पानं?
"तां सगला मना पाठ हाय."
मी विचारलं, शेवट पटला का?
गुप्ते तर म्हणतात, असा निकाल वर टिकायचा नाही.
वैतींनी पुस्तकाची धूळ लेंग्याला पुसली.
"लागला ना बाय," म्हणाले, "तोच खूप."

आज तारखांची पट्टी भरली.
शिक्का मारायला जागा उरली नाही,
म्हणून मी खळ काढली, नवी पट्टी डकवली,
फुंकर घातली, पहिला शिक्का मारला.
ते काउंटरशी उभे, शाई वाळेपर्यंत वाचत होते.
"पंधरा दिस?"
पंधराच, म्हटलं. उशीर झाला तर दिवसाला रुपया.
"बरी हाय," म्हणाले,
पिशवीत बोंबलांच्या पुडक्यापासून लांब
पुस्तक जपून सरकवत,
"तिकरं पुरल्या जूनची दिली."